घरातली शाळा : रमाबाई रानडे

थोर व्यक्तींची चरित्रे वाचताना आपले लक्ष बहुधा त्यांच्या सार्वजनिक कार्याकडे जाते. त्यांनी काढलेल्या संस्था, गाजवलेल्या सभा आणि केलेल्या चळवळी यांची नोंद इतिहास घेतो. त्या व्यक्तींच्या घरी सकाळी कोण आधी उठत असे, रात्री दिव्याजवळ बसून काय वाचले जात असे, कोणत्या लहानशा गोष्टीने घरातील माणसे हसत असत, याची नोंद मात्र क्वचितच राहते. रमाबाई रानडे यांच्या बाबतीत ती राहिली, कारण ती त्यांनी स्वतःच करून ठेवली. पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. परंतु या कार्याची सुरुवात कोणत्याही व्यासपीठावर झाली नाही. ती झाली एका मोठ्या कुटुंबाच्या घरात, माडीवरच्या एका खोलीत, रात्रीच्या दिव्याच्या उजेडात.

रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. सध्याच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे त्यांचे गाव आणि कुर्लेकर हे त्यांचे घराणे. घर खाऊनपिऊन सुखी होते. दिवेलागणीनंतर मुलांना भोवती बसवून आई पुराणातील गोष्टी सांगत असे. त्या ऐकता ऐकता यमुनेची स्मरणशक्ती तयार झाली. पण अक्षरओळख मात्र झाली नाही. मुलीच्या हाती पाटी देणे हे त्या काळी अशुभ मानले जाई. शिकलेल्या मुलीच्या नशिबी वैधव्य येते, अशी समजूत घरोघरी पक्की रुजलेली होती. त्यामुळे स्वयंपाकपाणी, देवपूजेची तयारी, सणवार आणि थोरांची मर्यादा हेच मुलीचे शिक्षण होते. यमुनाही तेवढेच शिकली आणि तेवढेच घेऊन सासरी निघाली.

१८७३ च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, तिचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी ते ३१ वर्षांचे होते आणि पुण्यात न्यायाधीशाच्या पदावर होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते. त्यामुळे ते आता एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी सुधारकांची अपेक्षा होती आणि वडिलांना नेमकी तीच धास्ती होती. वडिलांनी घाईने कुमारिका शोधली आणि लग्नासाठी हट्ट धरला. आपले न ऐकल्यास संबंध तोडून निघून जाण्याची भाषाही त्यांनी केली. रानड्यांनी परोपरीने विनवले. पण अखेर पित्याच्या शब्दापुढे त्यांनी मान तुकवली. याबद्दल लोकांनी त्यांना नावे ठेवली आणि त्यांच्या स्वतःच्या मनालाही ही गोष्ट लागून राहिली. अकरा वर्षांच्या त्या मुलीला यातले काहीच ठाऊक नव्हते. आपला नवरा मोठा हुद्देदार आहे, एवढेच तिच्या कानावर आले होते.

लग्नानंतर रानड्यांनी तिला माडीवर बोलावून जवळ बसवले. तिला आपले नाव ठाऊक आहे का, ती कोणत्या घरची, माहेरी कोण कोण आहे, हे त्यांनी विचारून घेतले. नंतर लिहिता-वाचता येते का, असे विचारले. उत्तर अर्थातच नाही असे होते. त्यांनी पाटी आणली आणि श्री गणेशाय नमः ही अक्षरे गिरवून घ्यायला सुरुवात केली. ज्या मुलीने आयुष्यात कधी लेखण धरली नव्हती, तिला त्या मोजक्या अक्षरांसाठी बराच वेळ लागला. हात अवघडला, अक्षरे वेडीवाकडी आली. पण धडा पुरा झाला. पुढे रोज रात्री हा क्रम चालू राहिला. बाराखडी झाली, जोडाक्षरे झाली, पहिले पुस्तक हाती आले. दिवसभर घरकामात असलेली सून रात्री विद्यार्थिनी होऊ लागली. पतीसमोर तोंडातून शब्द न फुटणाऱ्या मुलीला पाटीमुळे बोलण्यासाठी एक विषय मिळाला. नवऱ्याने मायेने काही विचारावे आणि आपण ते करून दाखवावे, यात एक निराळाच आनंद आहे, हे तिला हळूहळू उमगू लागले.

हा आनंद मात्र घरातील इतर स्त्रियांना रुचणारा नव्हता. रानड्यांचे कुटुंब मोठे होते. सावत्र सासू, विधवा नणंद, नात्यातल्या वडीलधाऱ्या बायका, आश्रयाला आलेली मंडळी असा बराच परिवार एकत्र राहत होता. त्यांच्या दृष्टीने सुनेने पुस्तक हाती घेणे हा घराच्या रीतीचा भंग होता. रात्री माडीवर मोठ्याने वाचलेले खाली ऐकू जाई आणि सकाळी त्यावरून टोमणे सुरू होत. वडील बायका तिला परोपरीने समजावीत. नवऱ्याने कितीही सांगितले तरी बायकोने ते कानाआड करावे, म्हणजे पुरुष आपोआप नाद सोडतो, असा त्यांचा उपदेश असे. ऐकले नाही म्हणजे अबोला धरला जाई. एकाच घरात, एकाच चुलीपाशी दिवसभर वावरायचे आणि कोणी आपल्याशी धड बोलायचे नाही, ही शिक्षा लहान वयाच्या मुलीला फार मोठी होती.

रमाबाईंची कोंडी दुहेरी होती. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडायचा नाही, हे माहेरचे वळण होते. पतीची इच्छा हाच आपला धर्म, हेही त्याच वळणाने शिकवले होते. आता हे दोन्ही एकमेकांच्या आड येत होते. त्या रात्री रडत आणि सकाळी पुन्हा कामाला लागत. रानडे घरातील बायकांवर कधी आवाज चढवीत नसत. सावत्र आईचा मान त्यांनी शेवटपर्यंत राखला. उलट उत्तर न देता सोसावे आणि आपले काम चालू ठेवावे, हाच मार्ग त्यांनी पत्नीला दाखवला. रमाबाईंनी तो पत्करला. त्यांनी स्वयंपाकघर सोडले नाही आणि पाटीही सोडली नाही. पुढे त्यांनी या दिवसांबद्दल लिहिले, तेव्हाही घरातील स्त्रियांचा सूड उगवल्यासारखे त्यांनी लिहिलेले नाही. त्या बायकांच्या रागामागे दुष्टपणापेक्षा भीती अधिक होती, हे आजच्या वाचकाच्याही ध्यानात येते. नणंदेसारख्या तरुण विधवेला त्या घराबाहेर दुसरे जगच नव्हते. ज्या रीतीच्या आधाराने तिचे आयुष्य उभे होते, ती रीतच वहिनी मोडू पाहत आहे, असे तिला वाटले तर नवल नाही.

मराठी वाचन पक्के झाल्यावर पुण्याच्या फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील शिक्षिका घरी येऊन शिकवू लागल्या. नंतर इंग्रजीची पाळी आली, तेव्हा घरातील वातावरण अधिकच तापले. इंग्रजी शिकवण्यासाठी युरोपियन बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याजवळ बसून आलेल्या सुनेला विटाळ झाला असे मानले जाई. धडा संपला की स्नान करूनच घरातल्या वस्तूंना हात लावायचा, असा दंडक पडला. थंडीच्या दिवसांत रोज अवेळी स्नान करून रमाबाई आजारी पडल्या, तेव्हा कुठे केवळ लुगडे बदलून भागू लागले. इंग्रजीच्या एका धड्यासाठी एक स्नान, अशी किंमत मोजून त्यांनी ती भाषा मिळवली. आज शाळेचा फॉर्म भरून वर्गात बसणाऱ्या माणसाला ही किंमत कळणे कठीण आहे; पण घरच्यांचा विरोध सोसून शिकणाऱ्या स्त्रीला ती लगेच कळेल.

१८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि रमाबाईंच्या संसाराला प्रथमच थोडा मोकळेपणा मिळाला. घरात माणसे मोजकी, डोक्यावर वडीलधाऱ्यांचा धाक नाही, अशी ती स्थिती होती. घराचा रोजचा जमाखर्च लिहिण्याचे काम त्यांच्याकडे आले. आलेला पैसा, दिलेला पैसा, वाणसामान, दूध, नोकरांचे पगार हे सारे आकडे स्वतःच्या हाताने मांडताना शिक्षणाचा संसाराशी काय संबंध आहे, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. पाटीवर शिकलेली बेरीज-वजाबाकी आता घर चालवू लागली. लोकहितवादी म्हणून प्रसिद्ध असलेले गोपाळराव हरी देशमुख हेही त्या वेळी नाशिकला होते. त्यांच्या कुटुंबाच्या सहवासात हळदीकुंकवाचे समारंभ होऊ लागले. हळदीकुंकू म्हणजे बायकांनी एकत्र जमण्याची जुनी, सर्वांना मान्य असलेली रीत. त्याच समारंभात मुलींच्या शाळेचा विषय निघू लागला आणि थोर स्त्रियांच्या कथा वाचल्या जाऊ लागल्या. जुन्या रीतीच्या हाताने नवी गोष्ट घरात नेता येते, हा धडा रमाबाईंना येथे मिळाला आणि तो त्यांना जन्मभर पुरला.

पुढे दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाच्या कायद्याखाली रानड्यांना गावोगाव फिरतीचे काम आले. रमाबाई बरोबर जात. कधी तंबूत तर कधी एखाद्या लहान गावच्या जागेत बिऱ्हाड मांडावे लागे. आज येथे चूल पेटवायची आणि चार दिवसांनी ती विस्कटून पुढे निघायचे, असा तो संसार होता. पण वाचनाचा नेम तेथेही मोडत नसे. रानड्यांची दृष्टी विद्यार्थिदशेपासून अधू होती. त्यामुळे वृत्तपत्रे आणि पत्रे वाचून दाखवणे, ते सांगतील तो मजकूर लिहून घेणे ही कामे रमाबाई करू लागल्या. ज्यांनी त्यांना अक्षरे शिकवली, त्यांच्याच डोळ्यांची उणीव त्या अक्षरांनी भरून निघाली. गुरूचे ऋण फेडण्याचा याहून गोड मार्ग कोणता असेल?

रानड्यांची दिनचर्या साधी आणि नेमाची होती. पहाटे जाग आली की ते अंथरुणावर बसून तुकारामांचे अभंग म्हणत. म्हणताना टाळ्या वाजवीत आणि तल्लीन झाले म्हणजे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागे. अशा वेळी शब्दांचे भान राहत नसे. एका अभंगाची ओळ दुसऱ्याला जोडली जाई आणि तिसराच अभंग तयार होई. रमाबाईंचे पाठांतर चोख होते. ही चूक त्यांच्या कानाला लगेच जाणवे आणि त्यांना हसू येई. त्या थट्टाही करीत. एवढ्या मोठ्या विद्वानाचा हा घोटाळा आणि त्यावर पत्नीची थट्टा हा त्या घरातील निर्मळ सुखाचा क्षण असे. रात्री निजण्यापूर्वी रानड्यांच्या तळपायाला तूप चोळण्याचा परिपाठ होता. पाय चोळता चोळता दिवसभरातील गोष्टी निघत, वाचन होई, कधी पत्नीचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाई. दिवसा माणसांच्या गर्दीत जे बोलता येत नसे, ते बोलण्याची हीच वेळ होती.

खाण्यापिण्याच्या बाबतीतही रानड्यांचा एक संयम होता. एकदा त्यांच्या एका स्नेह्याने उत्तम आंब्यांची करंडी पाठवली. रमाबाईंनी आंबे धुऊन, स्वतः चिरून फोडी पतीपुढे ठेवल्या. रानड्यांनी एक-दोन फोडी खाल्ल्या, आंब्याची तोंडभर स्तुती केली आणि बाकीच्या फोडी घरातील इतरांना द्यायला सांगितल्या. इतका आवडलेला आंबा त्यांनी अर्ध्यावर का ठेवला, हे रमाबाईंना कळेना. मनात शंका आली की चिरण्यात काही चुकले असावे. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा रानड्यांनी मुंबईतील आपल्या विद्यार्थिदशेतील एक आठवण सांगितली. त्यांच्या बिऱ्हाडाशेजारी चांगले दिवस पाहिलेली एक बाई राहत असे. परिस्थिती खालावल्यावर पूर्वीच्या चांगल्याचुंगल्या पदार्थांच्या आठवणीने ती सदा कष्टी होई. ते पाहून त्यांनी ठरवले होते की जिभेचे सुख घ्यावे, पण तिच्या स्वाधीन होऊ नये; आणि या नेमाचा डांगोराही पिटू नये. कित्येक वर्षे पतीचे ताट वाढणाऱ्या रमाबाईंना ही गोष्ट त्या दिवशी प्रथम कळली. घरातील माणूसही आपण पुरते ओळखतोच असे नाही, हे त्या आंब्याच्या फोडींनी त्यांना शिकवले.

१८८६ मध्ये सरकारच्या वित्त समितीवर रानड्यांची नेमणूक झाली आणि काही काळ त्यांचे बिऱ्हाड कलकत्त्यास होते. एके दिवशी दारावर बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. आपल्याला ही भाषा येत नाही, म्हणून रमाबाईंनी त्याला परत पाठवले. रानड्यांना हे आवडले नाही. ज्या गावी राहायचे, तेथील भाषा येऊ नये याचे त्यांना वाईट वाटले. त्यांनी बंगालीची पुस्तके विकत आणली आणि स्वतःच अभ्यासाला बसले. नंतर एका सकाळी न्हावी हजामतीसाठी आला. बाहेर चाललेले बोलणे ऐकून रमाबाईंनी डोकावून पाहिले, तर काय दिसले? न्हाव्याच्या हातात वस्तरा होता, रानड्यांच्या हातात पुस्तक होते, आणि ते त्याला शब्दांचे उच्चार व अर्थ विचारीत होते. तोही मोठ्या आनंदाने सांगत होता. न्हावी गेल्यावर रमाबाईंनी या नव्या गुरुजींवरून पतीची खूप थट्टा केली. रानडे मुळीच ओशाळले नाहीत. दत्तात्रेयाने चोवीस गुरू केले होते, याची त्यांनी पत्नीला आठवण करून दिली. ज्ञान ज्याच्यापाशी आहे तो गुरू, मग त्याचा धंदा कोणताही असो, हा त्यांचा विचार होता. आपण शिकलेले ते लगेच रमाबाईंना शिकवू लागले. कलकत्ता सोडण्यापूर्वी त्या बंगाली वाचू लागल्या होत्या. प्रौढ वयात, परक्या गावी, घरकाम सांभाळून एक नवी भाषा शिकता येते, याचा हा घरगुती पुरावा होता.

या सुखाच्या प्रसंगांबरोबर कसोटीचे प्रसंगही आले. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे तेथे जाऊ लागल्या, तेव्हा घरात पुन्हा वादळ उठले. १८८४ मध्ये पुण्यात मुलींच्या हायस्कुलाची मागणी गव्हर्नरांपुढे मांडायची होती. भर सभेत तो मजकूर रमाबाईंनी इंग्रजीत वाचला. पुरुषांनी भरलेल्या सभेत एका सुनेने उभे राहून इंग्रजी वाचले, ही बातमी त्या घरी पोचण्यापूर्वीच घरी पोचली होती. ज्या दिवशी बाहेर कौतुक झाले, त्याच दिवशी घरात त्यांना बोल ऐकावे लागले. पण त्या मागणीला यश आले आणि हुजूरपागा या नावाने पुढे नावारूपाला आलेली मुलींची शाळा पुण्यात सुरू झाली. कधी काळी माडीवर चोरून-मारून वाचणाऱ्या मुलीच्या आवाजाने इतर शेकडो मुलींसाठी शाळेचे दार उघडण्यास हातभार लावला.

चहाच्या एका पेल्यानेही या घराची शांतता ढवळून काढली. १८९० च्या ऑक्टोबरमध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला. तेथे ख्रिस्ती मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा ठेवला. उपस्थितांत रानडे होते, टिळकही होते. सनातनी मंडळींनी या प्रकाराचा मोठा गवगवा केला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्यात गुंतलेल्यांवर बहिष्काराची वेळ आली. आज चहा हे घरोघरच्या पाहुणचाराचे साधन आहे. पण त्या काळी कोणाच्या हातचा चहा घेतला यावरून घरातील लग्नमुंजी अडत. मित्रांच्या घरच्या अडचणी पाहून रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रमाबाईंना ते मनापासून पटले नाही, आणि न पटल्याचे त्यांनी लपवलेही नाही. पतीला दैवत मानणारी ही स्त्री स्वतःचे मत बाळगू लागली होती. शिक्षणाचे खरे फळ हेच होते.

१८९३ मध्ये रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. या दांपत्याला अपत्य नव्हते. पण नात्यातील मुले आणि इतर माणसे यांनी घर भरलेले असे. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. जवळजवळ २७ वर्षांचा सहवास संपला. जो नवरा हाच गुरू आणि जे घर हीच शाळा, ती शाळा एका रात्रीत बंद झाली. त्या काळच्या रूढीप्रमाणे विधवेचे उरलेले आयुष्य घराच्या कोपऱ्यात जायचे. रमाबाई पुण्यास परतल्या आणि काही काळ दुःखात एकांतात राहिल्या. परंतु शिकलेले अक्षर स्वस्थ बसू देत नाही. हळूहळू त्या घराबाहेर पडल्या, तुरुंगातील स्त्रियांची भेट घेऊ लागल्या, समाजातील इतर दुःखितांकडे वळल्या. १९०४ मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या पुढाकाराने मुंबईत सेवासदन सुरू झाले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाईंनी स्वीकारले. १९०९ मध्ये पुण्यात त्यांनी स्वतःच्या राहत्या घरीच सेवासदनाचे काम सुरू केले. ज्या घरांत वडीलधाऱ्या बायका सुनांच्या हातातील पाटी काढून घेत, अशाच घरांतील स्त्रिया येथे येऊ लागल्या. बालपणी शाळा चुकलेल्या प्रौढ स्त्रिया, लहान वयात वैधव्य आलेल्या मुली, संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्या गृहिणी यांच्यासाठी वर्ग निघाले. लेखन-वाचनाबरोबर शिवणकाम, प्रथमोपचार, शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. रुग्णालयात जाऊन परक्यांची शुश्रूषा करणे हे काम त्या वेळी कुलीन स्त्रीला कमीपणाचे मानले जाई. तरीही सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात जाऊन हे शिक्षण घेऊ लागल्या. विरोध करणाऱ्यांशी रमाबाई भांडत बसल्या नाहीत. अबोला, टोमणे, विटाळाच्या समजुती हे सारे त्यांनी स्वतः सोसलेले होते. म्हणून कोणत्या घरात कोणती अडचण येईल, हे त्यांना सांगावे लागत नसे. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीही त्यांनी चळवळ केली. १९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

१९१० मध्ये रमाबाईंनी आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक प्रसिद्ध केले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मराठी स्त्रियांच्या आरंभीच्या आत्मकथनांत या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. न्यायमूर्तींच्या मोठेपणाचे पोवाडे त्यात सापडत नाहीत. सापडतात त्या पाटीवरच्या अक्षरांच्या, आंब्याच्या फोडींच्या आणि न्हाव्याकडून घेतलेल्या धड्यांच्या गोष्टी. मोठा माणूस घरात कसा असतो, हे दाखवण्यासाठी त्यांना याहून मोठे साधन लागले नाही.

रमाबाईंच्या काळापेक्षा आजची परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. तरी दिवसभराचे काम उरकून रात्री पुस्तक उघडणारी माणसे आजही घरोघर आहेत. कोणाला घरच्यांचा पाठिंबा असतो, कोणाला नसतो. कोणाला वाटते, आता आपले वय गेले. अशा प्रत्येकासाठी रमाबाईंचे जीवन हा दिलासा आहे. पहिल्या रात्री मोजकी अक्षरे गिरवताना त्यांचा हात अवघडला होता. त्याच हाताने पुढे घराचा हिशेब लिहिला, पतीची पत्रे लिहिली, स्वतःचे पुस्तक लिहिले आणि असंख्य स्त्रियांच्या हाती पाटी दिली. घर हे शिक्षणाच्या आड येऊ शकते, आणि तेच घर शाळाही होऊ शकते. रमाबाईंनी दोन्ही अनुभवले आणि दुसऱ्यांच्या वाट्याला त्यांतील चांगले तेवढे यावे, म्हणून आयुष्य वेचले.